चूकदुरुस्ती, वृत्तपत्रीय (कोल्हापूर)

छापून गेलेल्या मजकुरातील चूक वृत्तपत्राने पुढील अंकात सुधारण्याची रीत. ‘दुरुस्ती’, ‘खुलासा’ व ‘दिलगिरी’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. काटेकोरपणे पाहता खुलासा हा बातमीत नाव आलेल्या पक्षाचा असतो, तर दिलगिरी वृत्तपत्राची. जुळणीतल्या चुकीला ‘मुद्राराक्षसाचा प्रताप’ म्हणतात. हा शब्द विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकावरून आला असे एक मत; तो इंग्रजी छापखान्यांतील, चुका घडवणाऱ्या सैतानाच्या कल्पनेचे रूपांतर आहे, असे दुसरे. नाटकात मुद्रा म्हणजे मोहोरेची अंगठी आणि राक्षस हे अमात्याचे नाव. छपाईशी दोहोंचा संबंध नाही. तेव्हा कल्पना इंग्रजीतून व नाव नाटकातून उचलून साधलेला हा श्लेष असावा.

या विषयात कोल्हापूरचे नाव येते ते बर्वे प्रकरणामुळे. कारभारी माधवराव बर्वे हे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ करतात, असा मजकूर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पुण्याच्या वृत्तपत्रांनी १८८१-८२ च्या सुमारास छापला. आधाराला घेतलेली पत्रे बनावट ठरली. संपादक टिळक व आगरकर यांनी माफी मागितली, तरी बर्वे यांनी बदनामीची फिर्याद मागे घेतली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून ते १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. चरित्रकार या घटनेकडे बहुधा निर्भीडपणाची पहिली कसोटी म्हणून पाहतात. प्रस्तुत विषयापुरते मात्र हे कागद न पारखता छापल्याचे उदाहरण मानणे अधिक सयुक्तिक; महाराजांविषयीची कळकळ त्याने खोटी ठरत नाही.

माफीने खटला टळतोच असे आजही नाही. बदनामीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो. प्रेस कौन्सिलच्या (स्थापना १९६६, सध्याचा कायदा १९७८) आचारसंहितेनुसार चूक ताबडतोब व ठळकपणे सुधारावी आणि ती गंभीर असल्यास दिलगिरीही व्यक्त करावी. कौन्सिल ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. ‘ठळकपणे’ म्हणजे किती, हा वाद जुनाच : पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात ‘नजरचुकीने’ या शब्दाआड जाते.

काही मजकुरांत दुसऱ्या दिवशीची दुरुस्ती निरुपयोगी असते. निधनवार्तेतील रक्षाविसर्जनाची वेळ चुकली तर पाहुणे पंचगंगेकाठी येऊन परत गेलेले असतात. पुराच्या दिवसांत राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीचा आकडाही असाच. इशारा ३९ फुटांवर व धोका ४३ फुटांवर असल्याने आकड्यातला एक अंक चुकला तरी नदीकाठची घरे हलवायची की नाहीत, याचा निर्णय बदलतो. संकेतस्थळावर असा आकडा मुकाट्याने बदलता येतो. छापील अंकात निदान जुनी चूक शिल्लक राहते.