कार्बन पकडण्याच्या रसायनाची मुळं

कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या तंत्राबद्दल हल्ली इतकं बोललं जातं की हे रसायन हवामानबदलाच्या काळजीतूनच जन्माला आलं असावं, असं वाटतं. पण त्याची सुरुवात होते मूतखड्याच्या औषधापासून.

१७५० च्या सुमारास मूतखड्यावर चुन्याची निवळी देत असत. चुना शिंपल्यांचा चांगला की चुनखडीचा, यावरून एडिंबरो विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांचं चांगलंच जुंपलं होतं. वैद्यकीचा विद्यार्थी जोसेफ ब्लॅक या वादात पडला नाही. त्याने मॅग्नेशियम कार्बोनेट घेतलं, ते भाजलं आणि तराजूत घातलं. वजन घटलेलं होतं. चुनखडी भाजल्यावर तिच्यात अग्नीचा अंश शिरतो आणि म्हणून कळीचा चुना दाहक होतो, अशी तेव्हाची समजूत. ब्लॅकने दाखवलं की आत काही शिरत नाही, उलट एक वायू बाहेर पडतो. आजच्या हिशेबाने १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजलं तर ५६ ग्रॅम चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो. हाच वायू परत दिला की पहिला पदार्थ परत मिळतो. १७५४ च्या प्रबंधात मांडलेलं हे काम त्याने १७५६ मध्ये विस्ताराने छापलं. वायू घन पदार्थात बांधता येतो आणि सोडवताही येतो, हे तराजूच्या आधाराने सिद्ध झालं. कार्बन पकडण्याचं सगळं रसायन या ये-जा करण्यावर उभं आहे.

पुढे ग्लासगोत शिकवायला लागल्यावर ब्लॅकने नळीतून चुन्याच्या निवळीत श्वास सोडला आणि निवळी दुधाळ झाली. आपल्या शाळांत स्ट्रॉने फुंकर मारून मुलं करतात तो हाच प्रयोग. १७६४-६५ च्या हिवाळ्यात तर त्याने ग्लासगोतल्या एका चर्चच्या छतातल्या झरोक्यावर दाहक अल्कली (तीव्र क्षाराचं द्रावण) चिंध्यांवरून हळूहळू झिरपत ठेवली. खाली दीड हजाराहून जास्त माणसं जवळपास दहा तास बसलेली. त्यांच्या श्वासातला वायू शोषून अल्कलीचे बरेचसे स्फटिक झाले. भरलेल्या सभागृहाच्या हवेतून कार्बन गाळून काढण्याचा इतका जुना प्रयोग मला तरी दुसरा माहीत नाही.

१७६६ पासून तो एडिंबरोत रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याने स्वतः फार थोडं छापलं. त्याचं काम पसरलं ते वर्गातून, समोर प्रयोग करून दाखवत. त्याचा विद्यार्थी बेंजामिन रश १७६९ मध्ये फिलाडेल्फियात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. दुसरा विद्यार्थी डॅनियल रदरफर्ड याला ब्लॅकने वेगळंच काम सोपवलं: जळण्याने आणि श्वासाने वापरली गेलेली हवा अल्कलीतून धुऊन घ्यायची आणि मागे काय उरतं ते पाहायचं. १७७२ मध्ये रदरफर्डने त्या उरलेल्या हवेचं वर्णन केलं. तो नायट्रोजन होता! कार्बन पकडायला शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती एक नवं मूलद्रव्य लागलं. शिक्षकाने प्रश्न नेमका निवडला तर काय होऊ शकतं, याचं इतकं सुंदर उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्यानंतरचा औद्योगिक टप्पा थोडक्यात सांगता येतो. १९३० मध्ये रॉबर्ट बॉटम्सने अमाइनच्या (अमोनियाशी नातं असलेल्या कार्बनी संयुगांच्या) द्रावणाने वायूंच्या मिश्रणातून कार्बन डायऑक्साइड वेगळा करण्याचं पेटंट घेतलं. नैसर्गिक वायू शुद्ध करायला ही पद्धत रुळली, आणि आज चिमणीच्या धुरासाठीही तीच वापरतात.

१९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस लॅकनर यांची शाळकरी मुलगी विज्ञान प्रदर्शनासाठी विषय शोधत होती. वडिलांच्या सुचवण्यावरून तिने परीक्षानळीत सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घेतलं आणि मत्स्यपेटीच्या पंपाने त्यातून रात्रभर हवा सोडली. आत गेलेल्या हवेतला सुमारे निम्मा कार्बन डायऑक्साइड द्रावणात अडकला. हे काम इतकं सोपं असेल असं लॅकनरनाही वाटलं नव्हतं. १९९९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह थेट हवेतून कार्बन काढण्याचा प्रस्ताव मांडला.

खरी अडचण पकडण्यात नव्हती आणि आजही नाही. पकडलेला वायू सोडवून घ्यायचा आणि शोषक पुन्हा वापरायचा, तर ऊर्जा लागते. ब्लॅकचीच चुनखडी घ्या, ती फोडायला सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान हवं. ही उष्णता कोळसा जाळून मिळवली तर सगळा हिशेबच बिघडतो. म्हणून लॅकनर आणि त्यांचे सहकारी अशा रेझिनकडे (प्लास्टिकसारख्या पदार्थाकडे) वळले जे कोरडं असताना वायू धरतं आणि ओलं झालं की सोडतं. २०१४ पासून त्यांनी हे काम अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात पुढे नेलं.

भारतात २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने आयआयटी मुंबईत कार्बन पकडण्याच्या आणि वापरण्याच्या संशोधनासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. आपल्या शाळांमधला प्रयोग मात्र निवळी दुधाळ झाली की संपतो. तो साका गाळून, वाळवून, भट्टीत तापवून पुन्हा तोलला, तर या केंद्रातले संशोधक ज्या ऊर्जेच्या हिशेबाशी झगडतात तो नववीच्या मुलांनाही कळेल.