सत्यशोधक विवाह

सत्यशोधक विवाह : पुरोहित, मुहूर्त आणि संस्कृत मंत्र यांना फाटा देऊन, वधूवरांनी चारचौघांत एकमेकांना दिलेल्या वचनांवर उभा राहणारा विवाहविधी. जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा विधी प्रत्यक्षात आला. निर्मिक (जगाचा निर्माता) आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे समाजाचे मूळ तत्त्व. सभेत त्याला मान डोलावणे सोपे होते. लग्न मात्र भावकी, सोयरे आणि सारा गाव यांच्या डोळ्यांदेखत होते, म्हणून तत्त्वाशी इमान राखायचे की नाही, याचा निकाल मांडवातच लागे.

पहिला सत्यशोधक विवाह 25 डिसेंबर 1873 रोजी सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा झाला. राधा ही सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची, बजूबाईंची मुलगी. सावित्रीबाईंनी पुढाकार घेऊन हे लग्न अगदी थोडक्या खर्चात लावून दिले. पाठोपाठ मे 1874 मध्ये ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांचा विवाह याच पद्धतीने झाला.

त्या काळी भटजी न बोलावणे ही नुसती घरगुती बाब नव्हती. गावोगावी जोशीवतन होते. गावच्या जोशाला धार्मिक विधींच्या दक्षिणेवर वंशपरंपरागत हक्क असे आणि यजमानाने त्याला वगळून विधी उरकला, तरी तो आपल्या हक्काची रक्कम मागू शके. म्हणजे आपल्या विचाराने लग्न लावणाऱ्याला जातीचा रोष पत्करावा लागेच, वर न बोलावलेल्या जोशाची दक्षिणाही मानगुटीवर बसे. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्न भटजींविना लावले, तेव्हा भटजींनी त्यांच्यावर फिर्याद केली आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. एका शेतकऱ्याने मुलांच्या लग्नापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची तयारी ठेवावी, यातच त्या निर्णयाचे वजन कळते. पुढे मुंबई कायदेमंडळाचे सदस्य सी. के. बोले यांनी लावून धरलेल्या विधेयकामुळे 1926 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि सेवा न घेतलेल्या पुरोहिताला मेहनताना देण्याची सक्ती संपली.

या विधीची ओळख बहुधा ‘भटजीविना लग्न’ अशीच करून दिली जाते. ती अपुरी आहे. त्याचा खरा गाभा वधूच्या तोंडी असलेल्या शब्दांत आहे. फुले यांनी 1887 मध्ये मंगलाष्टकांसह पूजाविधींची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातील मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित वृत्तातच आहेत, त्यामुळे कानाला चाल ओळखीची लागते. पण इथे वधू आणि वर आळीपाळीने बोलतात. आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव कधी मिळालाच नाही, तेव्हा आमचे अधिकार देण्याची शपथ घे, अशा आशयाची मागणी वधू वराकडे करते आणि वराला सर्वांसमक्ष तसे वचन द्यावे लागते. एरवी अंतरपाटामागे मान खाली घालून उभी राहणारी मुलगी इथे अट घालते, आणि अक्षता पडतात त्या तिला होकार मिळाल्यावर.

फुले दांपत्याने आपल्या घरातही हेच केले. दत्तक मुलगा यशवंत याचा विवाह 4 फेब्रुवारी 1889 रोजी हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांची मुलगी राधा हिच्याशी सत्यशोधक पद्धतीने झाला. लग्नाआधीच राधा फुल्यांच्या घरी राहायला आली होती. मुलामुलीची ओळख व्हावी आणि तिचे शिक्षण सुरू राहावे, हा त्यामागचा हेतू. नवरीचे तोंड लग्नाआधी पाहू नये, अशी रीत असलेल्या काळात हे पाऊल विधीइतकेच धाडसाचे होते.

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठिंब्याने 1913 मध्ये सत्यशोधक पद्धतीचे विधी शिकवणारी शाळा निघाली. तिथे शिकलेल्यांमुळे ही पद्धत दक्षिण महाराष्ट्रातील गावांत पोहोचली.

आजचे सत्यशोधक विवाह एका ठरावीक साच्याचे नाहीत. व्यासपीठावर जोतीराव-सावित्रीबाईंच्या प्रतिमा, ‘सत्याचा अखंड’ हे फुल्यांचे पद्य, वधूवरांनी वाचलेली शपथ आणि तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या, एवढे बहुतेक ठिकाणी दिसते. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील कार्यकर्ते असे विवाह लावून देतात. त्यांतील अनेक आंतरजातीय असतात. जुनी मंगलाष्टके तशीच म्हणावीत की शपथ स्वतःच्या शब्दांत लिहावी, याबद्दल मते वेगळी आहेत. स्वतः लिहिलेली शपथ मूळ पद्धतीशी अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिथे पाठांतराने सुटका होत नाही. घरकाम, नोकरी, दोघांच्या आईवडिलांची जबाबदारी यांवर आधी बोलून घ्यावेच लागते.

कायद्याच्या बाजूने, 1955 चा हिंदू विवाह कायदा दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीनुसार झालेला विधी ग्राह्य धरतो. सप्तपदी आवश्यक ठरते ती त्या रूढीत असेल तरच. तमिळनाडूने 1967 मध्ये स्वाभिमान विवाहांसाठी (तिथल्या पुरोहिताविना होणाऱ्या लग्नांसाठी) या कायद्यात स्वतंत्र कलम घातले, तसे सत्यशोधक विवाहासाठी नाही. म्हणून पुष्कळ जोडपी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीही करतात. त्यासाठी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते. घरचा विरोध असलेल्या जोडप्यांना हाच महिना सर्वांत जड जातो. अशा वेळी जाणते कार्यकर्ते मांडवाची तयारी बाजूला ठेवून आधी दोन्ही घरच्या मोठ्यांना भेटून येतात.