केआय-६७ रंजन (स्तनाचा कर्करोग)

स्तनातील कर्करोगाच्या पेशी किती वेगाने विभागत आहेत, हे पाहण्यासाठी गाठीच्या तुकड्यावर केली जाणारी रंगचाचणी. केआय-६७ हे प्रथिन विभाजनाच्या चक्रात शिरलेल्या पेशींच्या केंद्रकात सापडते. विसावलेल्या पेशींत ते जवळजवळ नसते. गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या ब्लॉकमधून सुमारे ४ मायक्रॉन जाडीचा काप घेऊन त्यावर या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. चिकटले तिथे केंद्रक तपकिरी दिसते, बाकीची हिमॅटॉक्सिलिन या रंगद्रव्यामुळे निळी. रंग गडद की फिका याला महत्त्व नाही. आजूबाजूच्या ऊतीत घुसलेल्या कर्कपेशींपैकी शेकडा किती तपकिरी, एवढेच मोजायचे.

हे प्रतिपिंड योहानेस गेर्डेस व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये जर्मनीतील कील शहरातून जगासमोर आणले. ‘केआय’ म्हणजे कील आणि ६७ हा ते प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीवाणाचा (क्लोनचा) क्रमांक. ते फक्त ताज्या, गोठवलेल्या ऊतीवर चाले. याच प्रथिनासाठी पुढे आलेले ‘एमआयबी-१’ हे प्रतिपिंड मेणातल्या ऊतीवरही चालू लागले आणि खरा फरक तिथे पडला: ज्या रुग्णांचे पुढे काय झाले हे ठाऊक होते, त्यांचे कपाटातले जुने ब्लॉक आता तपासता येऊ लागले.

टक्केवारी जास्त असलेल्या रुग्णगटात आजार उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते. मात्र अशाच गाठी केमोथेरपीला बऱ्याचदा चांगला प्रतिसादही देतात, म्हणून मोठा आकडा पाहून रुग्णाने धीर सोडू नये. गाठीचा आकार, काखेतल्या लसिकाग्रंथी, इस्ट्रोजेन ग्राही (इस्ट्रोजेन संप्रेरक जिथे चिकटते ते पेशीतले प्रथिन) व हर-२ (पेशीची वाढ चेतवणारे प्रथिन) यांच्यासोबतच तो वाचावा लागतो. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार, इस्ट्रोजेन ग्राही असलेल्या, हर-२ वाढलेले नसलेल्या सुरुवातीच्या कर्करोगात ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा जास्त हेच आकडे उपचार ठरवताना भरवशाचे. मधल्या पट्ट्यात तीच स्लाइड दोन पॅथॉलॉजिस्ट वेगवेगळी मोजू शकतात.

निकालाची बरीचशी भिस्त शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांवर असते. गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) पडायला हवी आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवी. आपल्याकडे लहान शहरात शस्त्रक्रिया झाल्यावर नातेवाईक ब्लॉक व स्लाइड घेऊन मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी जातात. रंजन तिथे पुन्हा करता येते, पण गाठ फॉर्मॅलिनविना पडून राहिली असेल, तर ती हानी कोणत्याही प्रयोगशाळेला भरून काढता येत नाही.