रक्तक्षय (बेळगाव सीमाभाग)

रक्तातील हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला पुरुषात १३, स्त्रीत १२ आणि गरोदर स्त्रीत ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. ८ च्या खाली, गरोदरपणी ७ च्या खाली, तो तीव्र. खानापूर-निपाणीकडे याला ‘अंगात रक्त नाही’ म्हणतात.

मुख्य कारण लोहाची कमतरता. भाकरी, उसळ, मेथी यांत लोह असते, पण धान्याकडधान्यांतील लोहाला धरून ठेवणाऱ्या फायटेट या घटकामुळे ते थोडेच शोषले जाते आणि जेवणावरचा चहा त्यातलेही अडवतो. लिंबू पिळल्याने शोषण वाढते. पाळीत जास्त रक्त जाणे, लागोपाठ बाळंतपणे, मूळव्याध ही नेहमीची कारणे. शेतात अनवाणी राबणाऱ्यांच्या पायातून अंकुशकृमी शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. त्यावर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम देतात, गरोदरपणात मात्र पहिले तीन महिने टाळून. काटेकोर शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता तपासावीच. अशा वेळी नुसते फॉलिक ॲसिड दिले तर हिमोग्लोबिन सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, बाळंतपणानंतरही तेवढीच. रक्तक्षय असल्यास रोज दोन. मळमळ, बद्धकोष्ठता आणि काळी शौच यांना घाबरून गोळ्या फडताळात पडून राहतात. काळी शौच निरुपद्रवी आहे, हे आधीच सांगायला हवे. कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवावी. महिन्यात हिमोग्लोबिनमध्ये साधारण १ ग्रॅम वाढ दिसली नाही तर गोळ्या खरोखर पोटात जातात का ते आधी विचारावे, मग फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले प्रथिन) आणि लाल पेशींचा आकार पाहावा. संसर्ग असेल तर फेरिटिन फसवे जास्त दिसते. हिमोग्लोबिन भरल्यावरही लोहाचा साठा होण्यासाठी तीन महिने गोळी चालू ठेवतात.

गोळी सोसत नसेल किंवा दिवस भरत आले असतील तर शिरेतून लोह देतात. आयर्न सुक्रोजच्या बऱ्याच फेऱ्या लागतात. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज १००० मिलिग्रॅमपर्यंत सुमारे १५ मिनिटांत जाते. सुई शिरेबाहेर सरकली तर त्वचेवर तपकिरी डाग राहतो आणि काहींच्या रक्तातले फॉस्फेट उतरते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने ‘रॅपिडआयर्न’ चाचणीत गोळ्या आणि शिरेतून एकदाच दिलेले लोह यांची तुलना ४,३२० गरोदर स्त्रियांत केली.

मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातील रक्तक्षयासाठी तोंडाने घ्यायचे देसिदुस्टॅट भारतात २०२२ मध्ये मंजूर झाले. ते शरीराला ऑक्सिजन कमी पडल्याचा संकेत देऊन एरिथ्रोपोएटिन हे लाल पेशी बनवायला लावणारे संप्रेरक वाढवते. लोहाचा साठा रिता असेल तर त्याचाही उपयोग अपुरा पडतो.