कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे

स्थळ जुळवताना ‘मुलीला श्वेतकुष्ठ आहे’ एवढं कानावर पडलं की नागपुरात आजही बोलणी थांबतात. श्वेतकुष्ठ म्हणजे कोड, अंगावरचे पांढरे चट्टे. घोळ सगळा शब्दाचा. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ हे एका रोगाचं नावच नव्हतं. गजकर्ण, खरूज असे कितीतरी त्वचाविकार त्यात मोडायचे. सुश्रुताने तर किलास, म्हणजे कोड, फक्त त्वचेपुरतं असतं आणि ते स्रवत नाही, असं सांगून वेगळं काढलं होतं. पुढे ‘कुष्ठरोग’ हा शब्द महारोगाला (लेप्रसीला) चिकटला आणि कोड फुकटचं बदनाम झालं.

कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशी मारते. जंतू नाही, त्यामुळे लागण नाही. (दूध-मासळी एकत्र खाण्याचाही संबंध नाही.) महारोगाचा जंतू मात्र नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सनने १८७३ मध्येच दाखवला.

दोन्हींतला फरक ओळखायचा तर रुग्णाला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापसाची बारीक वात टेकवा. कोडात स्पर्श नीट कळतो. चट्टा खडूसारखा पांढरा, कधी त्यावरचे केसही पांढरे. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर आणि बहुधा बधिर असतो. चेहऱ्यावर ही परीक्षा फसते, तिथे संवेदना शाबूत राहू शकते. म्हणून मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग विभागात दाखवाच. आणि मे महिन्यात कोडाच्या चट्ट्यावर सनस्क्रीन हवंच. रंगद्रव्य नसलेली कातडी आपल्या उन्हात लवकर भाजते.