बाळाचा रंग केशरानं ठरत नाही

बाळ गोरं व्हावं म्हणून सोलापुरातही गरोदर सुनेला केशराचं दूध देतात. दूध जरूर द्यावं, पण गोरेपणासाठी नको. आईवडिलांकडून कुठली जनुकं आली, हे गर्भ राहतानाच ठरून गेलेलं असतं.

कातडीला रंग येतो तो मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांत जवळपास सारख्याच संख्येनं असतात. फरक असतो तो मेलॅनिन किती, कुठल्या जातीचं आणि त्याच्या कणांचा आकार केवढा यात. हे अनेक जनुकं मिळून ठरवतात, म्हणून सख्ख्या भावंडांतही एक उजळ, एक सावळं निघतं. यातलं एक महत्त्वाचं जनुक एसएलसी24ए5. त्यात डीएनएचं एकच अक्षर बदललं की प्रथिनात 111व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल येतं आणि रंग उजळतो. याचा माग 2005 मध्ये फिक्या पट्ट्यांच्या झेब्रा माशावरून लागला. हाच बदल युरोपात जवळजवळ सगळ्यांत, तर भारतात कमी-अधिक प्रमाणात सापडतो.

घाऱ्या डोळ्यांचंही तसंच. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा मागचा थर जवळपास सगळ्यांचाच गडद असतो. पुढच्या थरात मेलॅनिन कमी असलं की डोळे घारे, फारच कमी असलं की निळे दिसतात. निळं रंगद्रव्य डोळ्यात नसतंच, तो विखुरलेल्या प्रकाशाचा परिणाम. इथे ओसीए2 हे जनुक आणि त्याला आवर घालणारं शेजारचं एचईआरसी2 यांचा वाटा मोठा, पण बाकीची जनुकंही असतात. त्यामुळे काळ्या डोळ्यांच्या जोडप्याला घाऱ्या डोळ्यांचं मूल होऊ शकतं. त्यावरून बाईवर संशय घेणं हा निव्वळ अन्याय आहे.

मग उन्हाचं काय? सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तरेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा प्रदेशात गडद कातडी हे संरक्षण आहे: अतिनील किरणांनी फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व नष्ट होतं, मेलॅनिन ते वाचवतं. उलट, उत्तरेकडच्या मंद उन्हात ड जीवनसत्त्व तयार व्हायला फिकी कातडी सोयीची पडली.

स्वतःचा मूळ रंग पाहायचा तर एका दंडाच्या आतल्या बाजूवर दुसऱ्या हाताचं मनगट पालथं ठेवा, खिडकीच्या उजेडात. दंडाचा रंग जनुकांचा. मनगटावरचा जास्तीचा काळपटपणा बहुतेक उन्हाचा. नवं मेलॅनिन दोन-तीन दिवसांत वर दिसू लागतं आणि ऊन टाळलं तर काही आठवड्यांत उतरतं. दंडापेक्षा उजळ व्हायचा हट्ट मात्र धरू नये, कारण तिथूनच मेडिकलमधल्या 'गोरं करणाऱ्या' ट्यूबा सुरू होतात. त्यांतल्या काहींत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते. ट्यूबेवर यातलं नाव दिसलं तर ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मनानं एकदम बंद केली की चेहरा लालबुंद होऊन आग होते, आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावायला लागतो.