थंडीतला वसंत

जपानमध्ये १ जानेवारीच्या शुभेच्छापत्रांवर 'शिन्शुन' हा शब्द हटकून दिसतो. अर्थ : नवा वसंत. बाहेर कडाक्याची थंडी, उत्तरेला तर गुडघाभर बर्फ. हायकू लिहिणाऱ्यांपुढेही 'हात्सुहारु', म्हणजे पहिला वसंत, हा ऋतुशब्द, म्हणजे कवितेचा ऋतू सुचवणारा ठरलेला शब्द, तयार असतो. फक्त वसंत नसतो.

हा गुंता तसा जुनाच. चांद्र पंचांगात वर्षारंभ आणि ४ फेब्रुवारीच्या आसपासचा वसंतारंभ जवळजवळ येत, पण एकाच दिवशी क्वचितच. इ.स. ९०५च्या सुमाराच्या दरबारी काव्यसंग्रहातली पहिलीच कविता विचारते, वर्ष सरण्याआधीच वसंत आला, आता याला गेलं वर्ष म्हणायचं की हेच?

खरी मोडतोड झाली ती १८७२मध्ये. सरकारने चांद्र पंचांग सोडून पाश्चात्त्य कॅलेंडर घेतलं आणि फर्मान काढलं, बाराव्या महिन्याच्या दुसऱ्या तिथीनंतरचा दिवस १ जानेवारी १८७३ धरावा. लोकांना मिळाले जेमतेम तीन आठवडे. पुढच्या वर्षाची पंचांगं छापून तयार होती, ती रद्दीत गेली. कारण आधुनिकतेचं सांगितलं गेलं. पण जुन्या हिशेबाने १८७३मध्ये अधिक महिना येत होता आणि तिजोरीत खडखडाट होता. तेरावा पगार वाचला, शिवाय दोनच दिवसांच्या बाराव्या महिन्याचाही. एका मंत्र्याने पुढे आठवणींत हे कबूलही केलं. आपल्याकडे उद्या कोणी पाडवा पौषात आणून ठेवला, तर गुढीला कडुनिंबाची कोवळी पालवी कुठून आणायची? तिथे नेमकं हेच झालं. ७ जानेवारीच्या पेजेत घालायच्या सात रानभाज्या पूर्वी बर्फ वितळताना खुडत. आता बऱ्याच हरितगृहातून पाकिटबंद येतात.

कवींनी मात्र झकास तोड काढली. ऋतुशब्दांच्या कोशात, साइजिकीत, चार ऋतूंशेजारी 'नववर्ष' हा पाचवा विभाग रुळला. इनमीन काही दिवसांचा ऋतू! त्यात पहिला सूर्योदय, पहाटे भरलेलं पहिलं पाणी, पहिलं स्वप्न (फुजी, ससाणा किंवा वांगं दिसलं तर शुभ). कारकुनी काटकसरीतून इतकं देखणं दुसरं काही निघालं असेल असं वाटत नाही. मराठीत १९७०च्या दशकात हायकू रुजला तो तीन ओळींचा. ऋतुशब्दाचा नेम बहुतेकांनी पाळला नाही, त्यामुळे हा पाचवा ऋतू आपल्यापर्यंत फारसा पोचलाच नाही.

राजवाड्यातल्या वर्षारंभीच्या काव्यवाचनासाठी १८७४पासून सामान्यांच्याही कविता घेऊ लागले. विषय सर्वांना एकच.

घरोघरी चालतं ते 'काकिझोमे', २ जानेवारीचं पहिलं लेखन. शाई उगाळायची, रुंद कुंचला बुडवायचा आणि लांब कागदावर दोन-चार अक्षरं काढायची. बऱ्याच गावांत हे कागद १५ जानेवारीच्या सुमारास होळीत टाकतात. जळता कागद उंच उडाला की पोरं ओरडतात, यंदा अक्षर सुधारणार.